ग्रीक सत्ताशास्त्राची सुरुवात थेलीझच्या पाण्यापासून करावी का?

सगळं कशापासून बनलं याला जुन्या ग्रीक तत्त्वज्ञांनी दिलेली उत्तरं, म्हणजे थेलीझचं पाणी, ॲनॅक्सिमेनीझची हवा, हेराक्लायटसचा अग्नी ही यादी पाठ झाली, पण यात सत्ताशास्त्र, म्हणजे 'असणं' म्हणजे काय याचा विचार, कुठे आहे ते कळेना आणि पुढे ॲरिस्टॉटलचं 'द्रव्य' आल्यावर तर सगळंच फिसकटलं, असं तुम्ही लिहिलंय.

फिसकटणारच. ती यादी बरीचशी ॲरिस्टॉटलच्याच हातची आहे. 'मेटॅफिजिक्स'च्या पहिल्या पुस्तकात त्याला दाखवायचं होतं की आपली चार कारणं पूर्वसूरींपैकी कुणालाच धड सापडली नाहीत, बहुतेकांना दिसलं ते फक्त उपादान, म्हणजे वस्तू ज्याची बनते ते. त्यासाठी त्याने त्यांना रांगेत उभं केलं. एका पक्षाच्या वकिलाने मांडलेली बाजू आपण इतिहास म्हणून घोकतो.

सुरुवात पार्मेनिडीझपासून करा. दक्षिण इटलीतलं एलिआ, इ. स. पू. ५ व्या शतकाचा पूर्वार्ध. त्याच्या कवितेच्या जेमतेम दीडशे-एकशेसाठ ओळी उरल्यात. त्यातला कळीचा ८ वा तुकडा हाती लागतो तो ॲरिस्टॉटलचा भाष्यकार सिम्प्लिशिअस याच्या कृपेने. पुस्तक दुर्मिळ झालंय म्हणून इ. स. ६ व्या शतकात त्याने तो लांबलचक उतरून ठेवला. युक्तिवाद असा: जे नाही त्याचा विचारही करता येत नाही. मग जे आहे ते जन्मलं कशातून? 'नाही'मधून काही निघत नाही, आणि 'आहे'मधून निघालं म्हणावं तर ते आधीच होतं. म्हणून जन्म नाही, नाश नाही, बदलही नाही. हसू नका. नेमकी कोणती पायरी निसरडी आहे ते कागदावर लिहून काढा.

इथे मराठी वाचकाची सोय आहे. 'मीठ आहे' आणि 'मीठ खारट आहे' या दोन्हींत आपला 'आहे' एकच, ग्रीकमध्येही तसंच. प्लेटोने 'सोफिस्ट'मध्ये बोट ठेवलं ते 'नाही'वर. 'म्हैस पांढरी नाही' म्हटल्याने म्हैस नाहीशी होत नाही. ती पांढऱ्याहून वेगळी आहे एवढंच होतं. नसणं म्हणजे वेगळं असणं. ॲरिस्टॉटलने 'फिजिक्स'च्या पहिल्या पुस्तकात बदलाची बाजू सोडवली: संगीत न येणारा माणूस गवई होतो तेव्हा माणूस टिकतो, अभाव जातो आणि रूप (वस्तूला ती वस्तू करणारी घडण) येतं. तीन गोष्टी धरल्या की 'शून्यातून' म्हणायची गरज उरत नाही.

आता द्रव्य. हा वाद मी वर्षानुवर्षं घालत आलोय, त्यामुळे इथे आवाज चढला तर समजून घ्या. ग्रीक शब्द 'ऊसिआ'. मराठी पुस्तकं त्याला 'द्रव्य' म्हणतात. पण शाळेच्या विज्ञानात द्रव्य म्हणजे वस्तुमान असलेला, जागा व्यापणारा पदार्थ. तोच अर्थ डोक्यात ठेवून विद्यार्थी 'मेटॅफिजिक्स'च्या झीटा पुस्तकाचा (यातली पुस्तकं ग्रीक अक्षरांच्या नावांनी ओळखतात) ३ रा अध्याय उघडतो. तिथे ॲरिस्टॉटल वस्तूचे गुण सोलत जातो, लांबी, रुंदी, खोलीसुद्धा काढतो. खाली उरतं ते निव्वळ उपादान. मग तो विचारतो, हीच ऊसिआ का? आणि म्हणतो, अशक्य. ऊसिआ स्वतंत्र असायला हवी, 'हे अमुक' असं बोट दाखवता यायला हवं. मराठीत हे वाक्य होतं 'द्रव्य हे द्रव्य नव्हे'. पोरांनी काय समजायचं?

त्याचं उत्तर रूपाकडे झुकतं, आणि कारण १७ व्या अध्यायात आहे. ब् आणि अ मिळून 'ब' हे अक्षर होतं. फोडलं तर ब् आणि अ शिल्लक राहतात, अक्षर जातं. म्हणजे अक्षरात वर्णांखेरीज काहीतरी आहे. पण ते काहीतरी म्हणजे तिसरा वर्ण नव्हे, नाहीतर त्या तिघांना जोडायला चौथा लागेल, मग पाचवा. अक्षराला अक्षर करणारं ते कारण, तीच ऊसिआ. पाणी-हवा-अग्नीच्या यादीतून इथवर पोचताच येत नाही.

'सत्ता' हा शब्द घडणीने जवळचा: सत् अधिक ता, तसंच ऊसिआही 'असणे' या क्रियापदाच्या कृदन्तापासून. पण सत्ता म्हटलं की आपल्याला मंत्रिमंडळ आठवतं. मी सरळ 'ऊसिआ' लिहितो.

द्रव्यवाल्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. रोजच्या ग्रीकमध्ये ऊसिआ म्हणजे मालमत्ता, आणि द्रव्य म्हणजे धनही. शिवाय 'कॅटेगरीज'च्या ५ व्या अध्यायात, जिथे हा माणूस, हा घोडा यांना पहिली ऊसिआ म्हटलंय, तिथे गुण-कर्मांचा आश्रय असलेलं, भारतीय वैशेषिक दर्शनातलं द्रव्य बऱ्यापैकी बसतं. गाडी अडते ती झीटामध्ये.

वाचायचा क्रम: पार्मेनिडीझचे तुकडे २, ६, ८. मग 'फीडो'तला सॉक्रेटिसच्या कारणशोधाचा भाग, प्लेटोच्या 'पार्मेनिडीझ'चा पूर्वार्ध (तिथे तो स्वतःच्याच रूपसिद्धान्ताचे वाभाडे काढतो), 'सोफिस्ट'चा उत्तरार्ध. मग 'कॅटेगरीज' १ ते ५, 'फिजिक्स' पुस्तक १ चे ७ आणि ८. शेवटी 'मेटॅफिजिक्स': गॅमा १ ते ४, झीटा १ ते ३ आणि १७, लॅम्डा ६ ते १०. चौदाही पुस्तकं ओळीने वाचायला बसू नका. डेल्टा हा शब्दकोश आहे, कापामध्ये बीटा, गॅमा, एप्सिलॉन आणि 'फिजिक्स'चे काही भाग यांचा सारांश पुन्हा येतो, आणि हा संच ॲरिस्टॉटलने एक ग्रंथ म्हणून बांधलेलाही नाही. थेलीझ वाचायचाच तर लॅम्डानंतर वाचा.