ज्वालामुखी बघायला जाताय? आधी वारा कुठून येतोय ते बघा

मागच्या अंकात इंडोनेशियातल्या इजेन ज्वालामुखीच्या निळ्या ज्वाळांबद्दल लिहिलं आणि तेव्हापासून मेलबॉक्स नुसता धुमसतोय. निम्मे मेल 'ताई, आम्हालाही जायचंय' असे आणि उरलेले 'ताई, मुलगा जातो म्हणतोय, काहीतरी सांगून त्याला अडवा' असे. अडवायचं काम काही माझ्याच्याने होणार नाही, मी स्वतःच ऐकलं नव्हतं कुणाचं. प्रश्नांची उत्तरं मात्र देते, जमतील तेवढी.

प्रश्न: ताई, आम्ही चार मित्र जपान नाहीतर इंडोनेशियात जागृत ज्वालामुखीवर ट्रेक करायचं म्हणतोय. तिथे अलर्ट लेव्हल असते ना, ती १, म्हणजे सगळ्यात खालची, असेल तर सेफ समजायचं का?

नाही समजायचं. लेव्हल बघायचीच, त्यात वाद नाही, पण लेव्हल १ म्हणजे डोंगराने काही लिहून दिलेलं नसतं. जपानचा ओन्ताके घ्या. २७ सप्टेंबर २०१४, शनिवार, पानांचे रंग बदलायचे दिवस म्हणून डोंगरावर गर्दी, लेव्हल १, हवा मस्त, आणि बाराला काही मिनिटं असताना डोंगर फुटला. ६३ माणसं गेली, त्यातले पाच जण सापडलेच नाहीत. आणि गंमत म्हणा की दैव म्हणा, त्यात लाव्हा नव्हताच. जमिनीखालचं पाणी तापून त्याची एकदम वाफ झाली, आणि पाण्याची वाफ झाली की तिला साधारण १७०० पट जागा लागते, ती जागा ती डोंगर फोडून घेते. असा वाफेचा स्फोट व्हायच्या आधी यंत्रांना फारसं काही कळत नाही, कळलं तरी काही मिनिटं आधी.

न्यूझीलंडचं व्हाकारी, म्हणजे व्हाइट आयलंड, तिथे तर लेव्हल २ होती. त्यांच्या पद्धतीत ३ पासून पुढे उद्रेक सुरू झालेला असतो, म्हणजे उद्रेक नसताना जास्तीत जास्त जी असू शकते ती लेव्हल लागलेली होती आणि तरी टूर चालूच होत्या. ९ डिसेंबर २०१९ ला दुपारी बेटावर ४७ जण होते, २२ गेले, वाचलेल्यांपैकी बरेच जण भयंकर भाजले.

म्हणून नुसता आकडा बघू नका, त्याच्यासोबत 'इतक्या अंतराच्या आत जाऊ नका' असं काय लिहिलंय ते बघा. सुमात्रातल्या मारापीवर डिसेंबर २०२३ मध्ये २४ ट्रेकर दगावले, तिथे शिखरापासून तीन किलोमीटरच्या आत जाऊ नका अशी सूचना होती, आणि लोक परमिट काढून वर गेलेले होते. परमिट मिळालं म्हणजे डोंगराची परवानगी मिळाली असं नसतं एवढंच. (आणि हो, हा मारापी वेगळा आणि जावामधला मेरापी वेगळा, बुकिंग करताना लोक हमखास गोंधळतात, बातमी वाचतानाही.) इंडोनेशियात अलर्टच्या चार पायऱ्या असतात, खालून वर, नॉर्मल, वास्पादा, सियागा आणि आवास. आवास ऐकून आपल्याला घर आठवतं, तिथे त्याचा अर्थ खबरदार.

आणखी एक, हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही तिथे किती वेळ थांबता त्यावर जोखीम ठरते. विवराच्या काठावर वीस मिनिटं थांबलात आणि दोन तास थांबलात तर डोंगर तोच, लेव्हल तीच, पण तुम्ही डाव सहापट लावलेला असतो. फोटो काढा, बघा, आणि डबा खाली येऊन खा.

प्रश्न: मला सौम्य दमा आहे. इजेनला जाताना साधा एन-९५ मास्क पुरेल का?

नाही पुरणार, आणि दमा असेल तर मी विवरात उतरूच नका म्हणेन. एन-९५ राखेसाठी चांगला, पण गॅस त्यातून असा आरपार येतो जसा काही मास्क लावलाच नाहीये. गॅससाठी ॲसिड गॅसची कार्ट्रिज (गॅस अडवणारी डबी) असलेला मास्क लागतो आणि त्या कार्ट्रिजला एक्स्पायरी असते, जी मी पहिल्यांदा गेले तेव्हा बघितली नव्हती. खाली भाड्याने मिळाला तो मास्क घेतला, रबराला आधीच्या दहा जणांच्या घामाचा वास, म्हटलं चालतंय. पहाटे विवरात उतरलो, निळ्या ज्वाळा दिसल्या (तो लाव्हा नाही बरं का, जमिनीतून येणारा गंधकाचा तप्त वायू हवेत पेटतो, तो दिवसाही पेटलेलाच असतो फक्त उजेडात दिसत नाही), मी ट्रायपॉड लावायला वाकले आणि वारा फिरला. एका क्षणात सगळं पांढरं. हेडटॉर्चच्या उजेडात स्वतःचा हातसुद्धा दिसेना, डोळ्यात चटका, घशात कुणीतरी काडेपेटी पेटवल्यासारखं, आणि खोकला असा की मास्क काढावासा वाटतो, जे अजिबात करायचं नसतं. तिथले गंधक वाहणारे कामगार खांद्यावर सत्तर-ऐंशी किलोच्या दोन टोपल्या घेऊन चढत असतात, त्यातल्या एकाने टोपल्या खाली ठेवल्या, माझी बाही धरली आणि मला दहा-बारा पावलं बाजूला ओढून नेलं. तिथे हवा स्वच्छ. दहा-बारा पावलं फक्त! त्याच्या तोंडाला नुसतं ओलं फडकं होतं. त्याने वाऱ्याकडे बोट केलं, टोपल्या उचलल्या आणि निघाला. तेव्हापासून कुठल्याही विवरापाशी गेले की आधी वारा कुठून येतोय ते बघते, मग बाकीचं.

जपानमध्ये आसोच्या नाकादाके विवरापाशी तर दमा, ब्राँकायटिस, हृदयविकार असलेल्यांना काठावर जायला सरळ मनाईच आहे, तिथे गॅसने माणसं दगावलेली आहेत. सल्फर डायऑक्साइड दम्याला अगदी थोडाही चालतो भडकायला. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड, त्याची खोड म्हणजे प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, त्यामुळे वास थांबला म्हणून खूश होऊ नका. कार्बन डायऑक्साइडला तर वासच नाही, आणि तो हवेपेक्षा जड, वारा पडला की खोलगट जागी साचून बसतो. थंडी वाजते म्हणून खड्ड्यात आडोशाला बसणं ही इतर डोंगरांवरची सवय इथे घातक.

प्रश्न: आइसलंडला गेलो तर लाव्हा नक्की दिसेल का? आणि व्हिडिओत लोक लाव्ह्यात काठी खुपसतात तसं करता येतं का?

नक्की कुणीच सांगू शकत नाही, जो सांगेल त्याला पैसे देऊ नका. रेक्यानेस द्वीपकल्प जवळजवळ ८०० वर्षं झोपलेलं होतं, मार्च २०२१ मध्ये फाग्रादाल्सफ्याल फुटला, डिसेंबर २०२३ पासून ग्रिंदाविक गावाजवळ एकामागून एक भेगा पडत गेल्या, ते गाव तर त्याआधी नोव्हेंबरमध्येच रिकामं केलं होतं. काही उद्रेक दोन दिवसांत आटोपले, काही आठवडे चालले. तुम्ही तिकीट काढणार सहा महिने आधी, लाव्हा तुमच्या सुट्टीची वाट बघत नाही. आइसलंड म्हणून आइसलंडला जा, दिसला लाव्हा तर नशीब.

काठीचं म्हणाल तर नको. वरून काळी पडलेली साय दिसते ना, ती कधीकधी बोटभर जाड असते आणि खाली हजार-अकराशे अंश. कडेचा भाग अचानक फुटून बाजूला वाहतो. पाण्याजवळ आणखीच बेभरवशाचं, हवाईत २०१८ च्या जुलैमध्ये लाव्हा समुद्रात पडतो तो बघायला गेलेल्या बोटीवर स्फोटातला दगड पडला आणि २३ जण जखमी झाले. म्हणजे पायी नाही, बोटीतून बघणारे.

त्यातल्या त्यात भरवशाचा म्हणजे इटलीतला स्ट्राँबोली, दोन हजार वर्षांहून जास्त काळ थोड्या थोड्या मिनिटांनी फुलबाजी उडवतोय. २०१९ मध्ये दोन मोठे स्फोट झाले, पहिल्यात एक ट्रेकर दगावला, तेव्हापासून शिखर बंद आहे, खालच्या उंचीवरून नाहीतर रात्री बोटीतून बघायचं. आणि ते काही कमी नाही. अंधारात आधी लाल कारंजं दिसतं, सगळे गप्प, मग दोन-तीन सेकंदांनी ढुम्म असा आवाज छातीत येतो.

प्रश्न: ग्वाटेमालात अकातेनांगोवर रात्री कँप करून समोरचा फुएगो ज्वालामुखी बघतात, तो ट्रेक बिगिनरला जमेल का?

जमेल, पण तुम्ही ज्याला घाबरताय तो तिथला पहिला शत्रू नाही. पहिला शत्रू थंडी. शिखर ३९७६ मीटर, कँप साधारण ३६०० च्या आसपास, वाट भुसभुशीत राखेची, दोन पावलं वर आणि एक खाली, घाम येतो, कपडे भिजतात आणि मग वारा सुटतो. जानेवारी २०१७ मध्ये तिथे सहा जण गारठून दगावले, ज्वालामुखीचा काही संबंध नव्हता. कोरडे कपडे वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, एवढं एक ऐका. गाइड जादा पैशात फुएगोच्या धारेवर नेतो म्हणेल, मी जाणार नाही. त्याच फुएगोने ३ जून २०१८ ला तप्त राखेचा लोट खाली सोडला आणि पायथ्याचं आख्खं गाव गाडलं.

प्रश्न: इन्शुरन्स घेतलाय, मग काळजी नाही ना?

पॉलिसी वाचलीत का? बऱ्याच पॉलिसीत ट्रेकिंगला उंचीची मर्यादा असते, बंद केलेल्या भागात गेलात तर क्लेम जातो, आणि उद्रेक सुरू झाल्यावर काढलेली पॉलिसी त्या उद्रेकाला धरत नाही. शिवाय परतीच्या फ्लाइटआधी एक-दोन दिवस मोकळे ठेवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरचा लेवोतोबी ज्वालामुखी फुटला आणि तिकडे लांब बालीची विमानं रद्द झाली. राख जेट इंजिनात वितळून चिकटते, त्यामुळे एअरलाइनशी भांडून उपयोग नाही.

प्रश्न: आम्ही वर असतानाच उद्रेक झाला तर करायचं काय?

व्हिडिओ काढायचा नाही, हे पहिलं. दगड पडत असतील तर पाठ फिरवून धूम ठोकायची इच्छा होते, पण जाणकार उलटं सांगतात, वर बघा, आपल्या अंगावर येणारा दगड कुठला ते ओळखा, शेवटच्या क्षणाला बाजूला व्हा, आणि दगडांचा पाऊस थोडा थांबला की निघा. हेल्मेट घातलेलंच हवं, सॅकला लटकवलेलं नाही. मोठा खडक किंवा काँक्रीटचा निवारा असेल तर त्याच्याआड, जपानमध्ये बऱ्याच विवरांपाशी असे निवारे बांधलेत, वर पोचल्या पोचल्या ते कुठे आहेत बघून ठेवा. उतरताना घळीतून, नाल्यातून उतरू नका, धारेने उतरा, कारण राखेचा लोट काय आणि चिखलाचा लोंढा काय, दोघांनाही खोलगट वाटच आवडते. राखेचा लोट मोटारगाडीच्या वेगाने येतो, पळून त्याला कुणी हरवत नाही, म्हणून तर मघाशी म्हटलं की वर थांबायचं कमी.

प्रश्न: काँटॅक्ट लेन्स चालतील का?

चष्मा घाला, वरून घट्ट बसणारा गॉगल. आणि काचेवर राख बसली तर रुमालाने पुसू नका, फुंकर मारा नाहीतर पाण्याने धुवा. ही राख म्हणजे चुलीतली मऊ राख नव्हे, दगडाचा आणि काचेचा चुरा असतो तो. माझ्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर डाव्या कोपऱ्यात अजून तीन ओरखडे आहेत, इजेनचेच, टी-शर्टने पुसली होती.