पॅकिंग बदलूनही ऑइल गळतंय

प्रश्न : सर, माझी पेट्रोल गाडी ९ वर्षं जुनी आहे. टॅपेट कव्हरचं (इंजिनवरच्या झाकणाचं) पॅकिंग दोनदा बदललं तरी तिथनंच ऑइल पाझरतंय, एअर फिल्टरच्या डब्यात पण ऑइल आलंय. मेकॅनिक म्हणतोय इंजिन खोलायला लागणार. रोज गंगावेशीतनं शिरोली एमआयडीसीला जाणं-येणं, तेवढंच रनिंग. काय करू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : इंजिन खोलायची घाई नको ओ, आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा, म्हणजे इंजिनच्या आत साठणारा गॅस बाहेर काढणारा छोटा व्हॉल्व्ह. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असू देत, थोडा गॅस पिस्टनच्या कडेनं खाली क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागात) उतरतोच, त्यात न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ असते. पूर्वी हे सगळं एका नळीनं रस्त्यावर सोडून द्यायचे, १९६१ पासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांत ते परत इनटेकमध्ये (इंजिन हवा आत ओढतं त्या वाटेत) ओढून जाळायला लागले, तीच ही सिस्टीम.

व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंग आणि छोटा प्लंजर असतो. आयडलिंगला इनटेकची ओढ जोरात म्हणून वाट अरुंद होते, ॲक्सिलरेटर दिला की ओढ कमी, मग स्प्रिंग वाट मोकळी करते. हा चिखलानं चोंदला की आत प्रेशर साठतं आणि मिळेल त्या फटीतनं ऑइल बाहेर, वर ताजी हवा आत येते ती नळीसुद्धा उलटी वाहून एअर फिल्टर ऑइलानं भिजवते. तुमचं नेमकं तेच दिसतंय. आणि तुमचं रनिंग एवढं कमी की ऑइल नीट तापतच नाही, पाणी आतच राहतं, पावसाळ्यात तर ऑइलच्या झाकणाखाली चहावरच्या सायीसारखा थर दिसेल.

गाडी आयडलिंगला ठेवून व्हॉल्व्ह नळीसकट कव्हरमधनं काढा (बेल्ट-फॅनपासून हात लांब) आणि तोंडावर बोट ठेवा, ओढ जाणवली पाहिजे. नाही जाणवली तर व्हॉल्व्ह नाहीतर नळी चोंदलीय. इंजिन बंद करून व्हॉल्व्ह हलवा, खडखड वाजायला पाहिजे, पण वाजला म्हणजे स्प्रिंग पण ठीक असं नाही, म्हणून मी कार्ब क्लीनरचा (कार्ब्युरेटर साफ करायचा) स्प्रे मारत बसण्यापेक्षा नवीनच टाका म्हणेन. नळी चिरली असेल तर ऑइल-पेट्रोल सोसणारीच घ्या, पाण्याची साधी नळी फुगून मऊ पडते. काही गाड्यांत व्हॉल्व्ह कव्हरमध्येच बसवलेला असतो, तिथं अख्खं कव्हर बदलायला लागतं. डिझेलवाल्यांनी हे वाचून व्हॉल्व्ह शोधत बसू नये, त्यांची रचना वेगळी असते.

एवढं करूनही ऑइलचं झाकण काढल्यावर भकाभका धूर येत असेल, तर कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब नीट तयार होतो का ते बघणं) करा, आणि त्यात रिंगा गेलेल्या निघाल्या तरच इंजिनला हात लावू द्या.