बीकॉमनंतर पुरातत्त्वात जाता येतं का, आणि संधी कुठे कळतात?

येतं की, बिनधास्त. पुण्याच्या डेक्कन कॉलेजला एमए कर, बीकॉमवाले पण असतात तिथे, मग ग्रेटर नोएडाला एएसआयच्या (म्हणजे केंद्र सरकारचा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग) इन्स्टिट्यूटमध्ये 2 वर्षांचा पीजी डिप्लोमा आहे. एएसआयची साइट अधूनमधून बघत जा, कायम जागा क्वचितच निघतात हे खरंय, पण इंटॅक (वारसा जपणारी संस्था), म्युझियम, कॉन्झर्व्हेशनवाले आर्किटेक्ट यांच्याकडे प्रोजेक्टची कामं असतात, आणि 2025 ला आपले किल्ले युनेस्कोच्या यादीत गेल्यामुळे डॉक्युमेंटेशनकडे तरी जरा लक्ष जाईल असं मला वाटतं. फक्त आधी एखाद्या उत्खननाला जाऊन बघ, दिवसभर उन्हात ब्रशने माती काढायची, संध्याकाळी खापरं धुवून वाळवून प्रत्येकावर बारीक अक्षरात नंबर टाकायचा, सोनंनाणं विसर, यात मजा वाटली तरच फॉर्म भर.