वाचकांचे प्रश्न : कॉफीच्या सालांचं पेय

प्रश्न : चिखलदऱ्याला आमची थोडी अरेबिका कॉफी आहे. पल्परमधून (फळाची साल काढणाऱ्या यंत्रातून) निघालेली लाल सालं आम्ही उकिरड्यात टाकतो. गेल्या हंगामात ती चहासारखी उकळून प्यायला वाळत घातली, पण चौथ्या दिवशी पांढरी बुरशी धरली. झटकून, उकळून वापरली तर चालतील का? ‘मधुमेहावर गुणकारी’ म्हणून विकता येतील का?

उत्तर : बुरशी धरलेली सालं खतातच जाऊ द्या. काही बुरश्या ऑक्राटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते मूत्रपिंडांना अपाय करतं आणि उकळल्याने जात नाही.

ओल्या सालीत तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, वर साखर. रात्रभर ढीग राहिला की सकाळी आंबूस वास येतोच. म्हणून फळं तोडली त्याच दिवशी काम उरका. फक्त पिकलेली लाल फळं घ्या. पाण्यात टाकून तरंगणारी काढा, उरलेली पिण्याच्या पाण्याने धुऊन निथळा. पल्पर आधी धुतलेला हवा, आदल्या दिवशीचा गर चिकटलेला असला की तिथूनच आंबायला सुरुवात होते. पल्पिंग शक्यतो पाण्याशिवाय करा, नाहीतर साखर आणि चव वाहून जाते.

सालं जमिनीवर नको, जाळीच्या उंच ट्रेवर दोन-तीन सेंटिमीटर थरात पसरा. पहिल्या दिवशी तासातासाने हलवा. हंगाम ऐन थंडीतला, रात्री दव पडतं, म्हणून सूर्यास्तापूर्वी ट्रे आत घ्या. ड्रायर असेल तर ५०-५५ अंश सेल्सिअस पुरे. ओलावा १२ टक्क्यांच्या खाली आला पाहिजे. गार झालेली साल वाकवली की कट्‌कन मोडावी. मूठभर सालं काचेच्या बरणीत दिवसभर बंद ठेवा. आत वाफ धरली तर पुन्हा वाळवा. १० किलो फळांतून साधारण ४ किलो ओली सालं निघतात, वाळून जेमतेम १ किलो उरतात. हवाबंद ठेवा, ती ओल लगेच ओढतात.

बागेत काय फवारलंय हे आधी पाहा. तांबेरा या पानांवरच्या बुरशीरोगासाठी मारलेल्या बोर्डो मिश्रणातलं (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) तांबं फळाच्या सालीवरच बसतं. फळांवर उशिरा फवारणी झालेल्या झाडांची सालं पिण्यासाठी घेऊच नका.

एका कपाला ६-७ ग्रॅम सालं, उकळतं पाणी, झाकण, सहा-सात मिनिटं. येमेनमध्ये ‘किश्र’ याच सालांचं करतात, आलं घालून; आपल्याकडच्या थंडीत तेही छान लागेल. पिठात मिसळायची असतील तर बारीक दळून शंभर ग्रॅमला पाच ग्रॅमपासून सुरुवात करा. जास्त झाली की तुरट लागते, आणि पीठ पाणीही जास्त पितं.

सालीत तंतू आणि क्लोरोजेनिक आम्ल (एक अँटिऑक्सिडंट) आहे, हे खरं. पण म्हणून ती मधुमेहाचं औषध ठरत नाही, वेष्टनावर तसा दावा करू नका. कॅफिनही असतं, त्यामुळे लहान मुलांना देऊ नका आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारून घ्यावं. युरोपीय संघाने २०२२ मध्ये वाळलेल्या सालांना पेयांसाठी मान्यता दिली, पण ती आपल्याकडे लागू होत नाही. विक्रीआधी एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) कार्यालयात मंजुरीचं विचारा आणि मालाची ऑक्राटॉक्सिन व कीडनाशकांची तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्या.