द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला: शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण रोज का?

तुमच्या प्रश्नाचा आशय मी असा समजलो आहे. तुमच्या आजींनी साठ वर्षे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, निष्ठेने सेवा केली, तर त्यांच्या धाकट्या भावाचे आयुष्य व्यसनात गेले आणि अगदी शेवटच्या आठवड्यात, अंथरुणावर असताना, त्यांनी पश्चात्ताप केला. भावाच्या अंत्यविधीच्या वेळी पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) येशूने सांगितलेला द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला, म्हणजे बोधकथा, वाचला आणि देवाच्या राज्यात दोघांचे तारण सारखेच आहे असे सांगितले. हे तुम्हाला अन्यायाचे वाटले आणि असे असेल तर आयुष्यभर चांगले वागण्याला अर्थ काय उरतो, असे तुम्ही विचारता. मी बऱ्याच वर्षांपासून आमच्या मंडळीत बायबलचा अभ्यासवर्ग घेतो आणि हा दाखला निघाला की कोणी ना कोणी हेच विचारतो. माझ्या मते तुमची अस्वस्थता हा दाखल्याचा योग्य परिणाम आहे; ज्याला तो ऐकून काहीच खटकत नाही, त्याने तो नीट ऐकलेला नसतो.

हा दाखला फक्त मत्तयाच्या शुभवर्तमानात (बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी एकात), २०व्या अध्यायाच्या आरंभी आहे. एक घरधनी पहाटे बाजारात जाऊन एक दीनार, म्हणजे त्या काळचा एका दिवसाचा रोज, ठरवून मजूर आणतो. मग तो नऊच्या सुमारास, बाराला, तीनला आणि अखेर दिवस मावळायला तासभर उरलेला असताना पुन्हा जातो आणि उरलेल्यांनाही मळ्यात पाठवतो. संध्याकाळी तो कारभाऱ्याला मजुरी वाटायला सांगतो, पण शेवटी आलेल्यांपासून सुरुवात करायला लावतो, आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक दीनार पडतो.

वाटपाचा हा उलटा क्रम सहज नजरेतून सुटतो, पण सगळी कथा त्यावर उभी आहे. पहाटे आलेल्यांना आधी पैसे दिले असते, तर ते ठरलेला रोज घेऊन समाधानाने घरी गेले असते आणि तक्रारीचा प्रश्नच आला नसता. घरधन्याने त्यांना थांबवून ठेवले आणि शेजाऱ्याच्या हातात काय पडते ते पाहायला लावले. त्यांना कमी मिळाले म्हणून ते कुरकुरत नाहीत; 'तुम्ही यांना आमच्या बरोबरीचे केले' हे त्यांचे खरे दुःख आहे. घरधन्याचा शेवटचा प्रश्न मूळ ग्रीकमध्ये शब्दशः असा आहे की मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट झाला काय. आपल्या भाषेत बोलायचे तर माझा चांगुलपणा तुझ्या डोळ्यांत खुपतो काय.

हे कोणाला सांगितले जात आहे, ते आधीच्या अध्यायात पाहावे लागते. येशूकडे आलेला एक श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेल्यावर येशूचा शिष्य पेत्र विचारतो की आम्ही तर सर्व सोडून तुमच्या मागे आलो, मग आम्हाला काय मिळणार. येशू त्याला भरघोस आश्वासन देतो, पण पहिले असलेले पुष्कळ जण शेवटचे होतील असेही लगेच बजावतो आणि त्याच ओघात हा दाखला सांगतो. दाखला संपून थोडा वेळ होतो न होतो तोच जब्दीच्या मुलांची, म्हणजे येशूच्या दोन शिष्यांची, आई आपल्या या मुलांसाठी राज्यात उजवी-डावी जागा मागायला येते. म्हणजे पुढे आणि मागे दोन्हीकडे, लवकर आलेल्यांना जास्त काय मिळणार, हाच विषय चालू आहे. म्हणून हा दाखला मुळात उशिरा येणाऱ्यासाठी सांगितलेला नाही. तो पेत्रासाठी आहे, माझ्यासारख्या वर्षानुवर्षे वर्ग घेणाऱ्यांसाठी आहे, आणि आजींच्या बाजूने हिशेब मांडणाऱ्या तुमच्यासाठीही आहे.

दाखल्यांचा अर्थ कसा लावावा, याबद्दल मला मराठीतल्याच एका जुन्या परंपरेचा आधार घ्यावासा वाटतो. महानुभावांच्या दृष्टान्तपाठात केसोबासांनी चक्रधरस्वामींच्या ११४ दृष्टान्तांची मांडणी करताना प्रत्येकाचे सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक असे तीन भाग ठेवले आहेत: आधी सिद्धान्त, मग कथा, मग कथा सिद्धान्ताला कशी लागू पडते त्याचे स्पष्टीकरण. येशूच्या बहुतेक दाखल्यांत हे तिसरे अंग नाही. पेरणाऱ्याच्या दाखल्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर कथा सांगून ऐकणाऱ्याला तिच्यापुढे उभे केले जाते आणि दार्ष्टान्तिक त्याने स्वतः भरायचे असते. ही मोकळी जागा भरताना मंडळीच्या इतिहासात पुष्कळ घाईही झाली आहे. प्राचीन ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीन यांनी चांगल्या शोमरोन्याच्या (वाटेत लुटलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्याच्या) दाखल्यात लुटला गेलेला माणूस म्हणजे आदाम, उतारशाळा म्हणजे मंडळी आणि तिचा चालक म्हणजे प्रेषित पौल असे एकेक करून लावले. पोप ग्रेगरी पहिले यांनी द्राक्षमळ्यात मजूर बोलावण्याच्या पाच वेळा म्हणजे आदामापासून जगाच्या अंतापर्यंतचे पाच कालखंड मानले. यात भक्तीची सुंदर फुले आहेत, हे मी मान्य करतो. पण अशा पद्धतीने कथेतून कोणताही सिद्धान्त काढता येतो. त्यापेक्षा प्राचीन ख्रिस्ती उपदेशक योहान क्रिसोस्तोम यांचे मत मला अधिक शहाणपणाचे वाटते: दाखल्यातील शब्द न् शब्द चाळत बसू नये, तो ज्या हेतूने सांगितला तो हेतू पकडावा. १९व्या शतकाच्या अखेरीस जर्मन बायबल-अभ्यासक आडोल्फ युलिखर यांनी रूपकात्मक अर्थ लावण्यावर जी कठोर टीका केली, तिचे मूळ या सावधपणात सापडते, जरी प्रत्येक दाखल्यात एकच मुद्दा असतो हा त्यांचा आग्रह मला टोकाचा वाटतो.

आता मजुरीबद्दल. माझे वडील तरुणपणी रोजंदारीवर बिगारी काम करत आणि सकाळी मजूर अड्ड्यावर उभे राहत. दहा वाजून गेले की आता कोणी येत नाही हे तिथल्या प्रत्येकाला कळते, तरी रिकाम्या हाताने घरी जायची लाज म्हणून माणसे उभी राहतात, असे ते सांगत. दिवस सरत आला तरी बाजारात उभे असलेले मजूर 'आम्हाला कोणी कामाला लावले नाही' म्हणतात, तेव्हा मला त्यांत आळस ऐकू येत नाही. त्यांना तासाच्या हिशेबाने बारावा हिस्सा दिला असता, तर तो कागदावर न्याय ठरला असता आणि घरी चूल पेटली नसती. मोशेच्या नियमशास्त्रात, बायबलमधील 'अनुवाद' या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात, गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो, असे सांगितले आहे. घरधनी दीनार देतो तो श्रमाच्या मापाने नव्हे, गरजेच्या मापाने. एका दिवसाच्या जगण्याला लागणारे नाणे अर्धे करून चालत नाही, तसे तारणही तुकड्यांत देता येत नाही. देवाच्या सान्निध्यात असणे किंवा नसणे यांत पाव आणि पाऊण असे भाग पडत नाहीत.

यरुशलेमी तालमूद या प्राचीन यहुदी ग्रंथात याच घडणीची एक कथा आहे. रब्बी बून बर हिय्या २८व्या वर्षी वारले, तेव्हा रब्बी जेरा यांनी सांगितले की एका राजाने दोन तास काम केलेल्या मजुराला इतरांइतकाच रोज दिला, कारण त्याने दोन तासांत इतरांच्या दिवसभराच्या कामाहून अधिक काम केले होते. तीही मृत्यूच्या प्रसंगी सांगितलेली सांत्वनाची कथा आहे आणि मला ती फार प्रिय आहे. पण तिथे मजुरी कमावलेली आहे आणि मत्तयात ती दिलेली आहे. या एका फरकात ख्रिस्ती लोक ज्याला कृपा म्हणतात तिचे बरेचसे सार आले. एक दक्षता मात्र घ्यावी: पहाटेचे मजूर म्हणजे यहुदी आणि उशिरा आलेले म्हणजे ख्रिस्ती, असा अर्थ लावून यहुद्यांना हिणवण्याची जी वाईट सवय शतकानुशतके होती, तिला या कथेत आधार नाही. पहिल्यांचा दीनार कोणी काढून घेत नाही, आणि घरधनी त्यांच्यातल्या एकाला 'मित्रा' म्हणूनच हाक मारतो.

'मग चांगले का वागावे' या तुमच्या प्रश्नात मळ्यातले काम ही केवळ किंमत आहे आणि बाजारात रिकामे उभे राहणे ही चैन आहे, असे गृहीत धरलेले दिसते. मूळ ग्रीकमध्ये 'राज्य' या शब्दाचा रोख ठिकाणापेक्षा राजाच्या सत्तेकडे अधिक आहे. ती सत्ता मेल्यानंतर सुरू होत नाही. जो तिच्याखाली लवकर आला तो तितकी अधिक वर्षे तिच्यात जगला. आणि मुद्दाम उशीर करणाऱ्याला तर हा दाखला काहीच देत नाही. ऑगस्टीन यांनी एका प्रवचनात हे अचूक दाखवले आहे: दुपारी बोलावलेल्यांनी 'आम्ही संध्याकाळी येऊ' असे उत्तर दिले नव्हते, ते हाक येताच गेले. संध्याकाळपर्यंत आपण असूच, याची हमी घरधन्याने कोणालाही दिलेली नाही. शिवाय एकाच दाखल्यावर तारणाचा सगळा सिद्धान्त उभारू नये. त्याच मत्तयात २५व्या अध्यायात भुकेल्याला अन्न न देणाऱ्यांचा न्याय होतो, आणि तो अध्याय फाडून टाकल्याशिवाय कृत्ये निरर्थक आहेत असे म्हणता येणार नाही.

तुमच्या पाळकांनी एक गोष्ट मोकळी ठेवायला हवी होती, असे मला वाटते. त्या गृहस्थांच्या मनात शेवटच्या आठवड्यात काय घडले, हे देव जाणतो. अंत्यविधीत आशा बोलून दाखवावी, निकाल जाहीर करू नये. पण ती आशा बाळगणे चुकीचे नव्हते. पहाटेच्या मजुरांनी घरधन्याला काय उत्तर दिले, ते मत्तय सांगत नाही, जसे उधळ्या पुत्राच्या दाखल्यात परतलेल्या धाकट्याच्या स्वागतावर रुसलेला थोरला भाऊ शेवटी घरात गेला की अंगणातच उभा राहिला, ते लूक सांगत नाही. तुम्ही आजींना एकदा विचारावे, अशी माझी विनंती आहे. धाकट्या भावाला मिळालेल्या दीनाराबद्दल त्यांची स्वतःची काही तक्रार आहे का, आणि साठ वर्षांच्या प्रार्थनांमध्ये त्यांनी त्याचे नाव किती वेळा घेतले होते.