पावाच्या कुपनावर राजाचं नाव नव्हतं

गेल्या अंकात माझ्या संग्रहातल्या एका पावाच्या रेशनकार्डाचा फोटो छापला होता. म्युनिक, म्हणजे जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याची राजधानी, १९१९. आऊअर डुल्ट नावाची जुनी जत्रा तिथे वर्षातून तीनदा भरते. शिकायला होते तेव्हा त्या जत्रेत, मोडक्या घड्याळांच्या ढिगाखाली मला ते सापडलं. निम्मी कुपनं कापलेली, निम्मी तशीच. फोटोबरोबर मी थोडक्यात लिहिलं होतं, की राजा रातोरात पळाला, नोव्हेंबर १९१८ ते मे १९१९ या काळात या शहराची सत्ता पाच वेळा हातपालट झाली, आणि शेतकऱ्यांनी धान्य दाबल्याने शहर उपाशी राहिलं. त्यावर इतकी पत्रं आली, की हा अंक त्या कार्डालाच देते.

ताई, मी पुरवठा खात्यात ३१ वर्षं काढली. तुम्ही लिहिता, राजा रातोरात पळाला. माझा प्रश्न खात्याचा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदाराने कुपन घेऊन पाव दिला तो कुणाच्या हुकमाने? – निवृत्त पुरवठा निरीक्षक

साहेब, आलेल्या सगळ्या पत्रांत हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. इतिहासाच्या पुस्तकांत मिरवणुका असतात, भाषणं असतात. दुकान कुणी उघडलं ते नसतं.

उत्तर कार्डावरच छापलंय. वर राजाचं नाव नाहीच. ‘कोमुनालफेरबांड’ असं आहे, म्हणजे शहर किंवा तालुक्याच्या पातळीवरचं वाटप मंडळ. जर्मनीत पावाचं रेशनिंग १९१५ साली सुरू झालं. प्रमाण ठरायचं बर्लिनला, पण धान्य ताब्यात घेणं, गिरणीला पीठ लावून देणं, कार्डं छापणं ही कामं या मंडळांची. त्यामुळे गुरुवारी, ७ नोव्हेंबर १९१८ च्या रात्री बव्हेरियाचा राजा तिसरा लुडविग मोटारीत बसून निघून गेला, तेव्हा शुक्रवारच्या पावाचं पीठ आधीच पोहोचलेलं होतं.

पण कारकुनाचं काय? त्याने राजाच्या नावाने शपथ घेतलेली. क्रांतीने आलेला बव्हेरियाचा नवा पंतप्रधान कुर्ट आइसनर पेशाने पत्रकार, नाटकांची परीक्षणं लिहिणारा, लांब दाढीचा. त्याच्याकडे सैन्य म्हणाल तर बराकीतून नुकतेच बाहेर पडलेले, घरी जायची घाई झालेले शिपाई. त्याने पहिल्याच जाहीरनाम्यात सांगून टाकलं, की सर्व अधिकारी आपापल्या जागी राहतील. क्रांती करून आलेल्या माणसाला हे शहाणपण पहिल्या रात्री सुचावं, याचं मला अजून नवल वाटतं. एरवी पहिला धडाका बदल्यांचाच असतो, हे तुम्हाला मी काय सांगणार!

उरलेली गाठ राजानेच सोडवली. साल्झबुर्गजवळच्या आनिफच्या वाड्यातून त्याने लिहून पाठवलं, की आपण आता कारभार चालवू शकत नाही, तेव्हा अधिकारी आणि सैनिक यांना शपथेतून मोकळं करतो. ‘गादी सोडली’ असा शब्द त्यात नव्हता. आइसनरच्या सरकारने तो कागद घेतला आणि राजाने गादी सोडली असं म्हणून जाहीर करून टाकला. ७३८ वर्षांचं घराणं एका पत्राच्या सोयीस्कर वाचनावर संपलं. कारकुनाला मात्र ‘माझी निष्ठा कुणाशी’ हा प्रश्न मनाशी सोडवत बसावं लागलं नाही. तो टेबलाशी बसला आणि कार्डांवर शिक्के मारू लागला.

आता तुमच्या खात्यातली खरी अडचण. शिक्का चालतो, पण धान्य आलं तर. राजाला पळवणाऱ्या ७ तारखेच्या मोर्चात आइसनरच्या बरोबर लुडविग गांडोर्फर नावाचा आंधळा शेतकरी पुढारी चालत होता. शहरातल्या कामगारांच्या मोर्चात हा शेतकरी कशाला, असं वरवर वाटेल. पण गहू-बटाटे होते शेतकऱ्यांकडे, आणि चार वर्षांच्या सक्तीच्या लेव्हीने ते पिसाळले होते. सरकारी भाव पडलेला, तपासनीस कोठारात शिरणार, मुलगा आघाडीवर, घोडा सैन्यात. शहराला धान्य पाठवा अशी विनंती त्यांना त्यांच्यातल्याच माणसाने करायला हवी होती. गांडोर्फर १० नोव्हेंबरला मोटार अपघातात गेला. सरकार तीन दिवसांचं होतं. त्याचा भाऊ कार्ल पुढे आला, शेतकरी परिषदा निघाल्या, पण त्यांना लुडविगचं वजन आलं नाही. इतिहासात ‘जर’ लिहू नये म्हणतात. मी लिहिते: तो जगता, तर पुढचा एप्रिल इतका वाईट गेला नसता.

युद्ध तर ११ नोव्हेंबरला थांबलं. मग त्यानंतरही टंचाई का राहिली? उलट सैनिक घरी आले, शेतात हात वाढले असतील ना? – इतिहासाची विद्यार्थिनी

हात वाढले, पण बी पेरल्यावर पीक यायला उन्हाळा लागतो. तोवर खायचं काय?

युद्ध थांबलं, नाकेबंदी थांबली नाही. तहाच्या आधीच्या युद्धबंदी करारातच, कलम २६ मध्ये, ती चालू राहील असं लिहिलं होतं. धान्य पाठवायची तयारी अमेरिकेने दाखवली तर दोस्त राष्ट्रं म्हणाली, आधी तुमची व्यापारी जहाजं द्या. जर्मन म्हणाले, आधी धान्याची हमी द्या. फ्रेंच म्हणाले, धान्याच्या किमतीत जर्मनीचं सोनं जायला नको, ते आमच्या नुकसानभरपाईचं आहे. या घासाघिशीत हिवाळा गेला. १४ मार्च १९१९ ला ब्रुसेल्सला करार झाला आणि त्यानंतर पहिली धान्याची जहाजं लागली. नाकेबंदी पुरती उठली १२ जुलैला.

युद्धबंदीच्या करारानुसार जर्मनीला ५,००० इंजिनं आणि १,५०,००० वाघिणी द्याव्या लागल्या. आता बघ, बव्हेरियाची स्वतःची रेल्वे होती, पण स्वतःचा दगडी कोळसा जवळपास नव्हता. तो यायचा रूरमधून, सारमधून आणि बोहेमियातून. सारमध्ये फ्रेंच फौजा बसल्या आणि बोहेमिया चेकोस्लोव्हाकिया नावाच्या नव्या देशात गेला. म्हणजे खेड्यात बटाटा असला तरी वाघीण नाही, वाघीण मिळाली तर इंजिन नाही, इंजिन मिळालं तर कोळसा नाही. पेपरात लिहिताना ‘अन्नटंचाई’वर थांबू नकोस. तिच्या पोटात कोळशाची टंचाई आहे. आणि बिअर? बव्हेरियन माणसाच्या दृष्टीने ती चैन नव्हेच. युद्धात बार्ली कमी करून तीही पाण्यासारखी पातळ झाली होती. राजावरचा राग थोडा तिथूनही आला असावा, असं मला वाटतं.

मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचे त्या बाईंची आई तेव्हा नऊ वर्षांची होती. रविवारी आईबरोबर पाठीला रकसॅक लावून डाखाऊच्या बाजूला जायची. याला ‘हामस्टर्न’ म्हणायचे, म्हणजे हॅम्स्टरसारखं गालात भरून आणणं. एकदा लग्नातला टेबलक्लॉथ देऊन अर्धी रकसॅक बटाटे आणले. परतताना स्टेशनवर पोलिसाने रकसॅक उघडायला लावली. बटाटे घेतले, मुलीच्या कोटाच्या खिशातले दोन बघूनही न बघितल्यासारखं केलं. त्या दोन बटाट्यांची गोष्ट मला घरभाड्याच्या पहिल्या महिन्यात तीनदा ऐकवली गेली.

हरून परतलेले सशस्त्र सैनिक, उपाशी शहर. मग पहिले काही महिने दंगल कशी झाली नाही? – वाचक

झाली, पण वाटली होती त्यापेक्षा उशिरा. सुरुवातीचे महिने निभावले याचं एक रुक्ष कारण आहे: बेकारभत्ता. १३ नोव्हेंबर १९१८ चा राइखचा, म्हणजे बर्लिनच्या केंद्र सरकारचा, वटहुकूम. निम्मा खर्च राइखचा, एक तृतीयांश राज्याचा, एक षष्ठांश गावाचा. तिजोरी रिकामी असताना हा खर्च काढला, कारण रायफल खांद्यावर घेऊन हिंडणाऱ्या पोराला आठवड्याला पैसे देणं, त्याच्यावर रायफल रोखण्यापेक्षा स्वस्त होतं.

दुसरं, लुटालूट आणि खून यांच्यासाठी त्याच नोव्हेंबरात आइसनरच्या सरकारने झटपट न्यायालयं काढली, ‘फोल्क्सगेरिश्ट’. अपील नाही. तात्पुरती म्हणून काढलेली ही न्यायालयं १९२४ पर्यंत चालली, आणि अखेरच्या वर्षी त्यांच्यापुढे उभा राहिलेला सगळ्यात प्रसिद्ध आरोपी हिटलर होता. समाजवाद्यांनी सुव्यवस्थेसाठी उभारलेल्या कोर्टाने त्याला पाच वर्षांची सौम्य शिक्षा दिली. असो.

तिसरं कारण स्वतः आइसनर. १२ जानेवारीच्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला १८० पैकी ३ जागा मिळाल्या. लोकांनी त्याला नाकारलं होतं यात वाद नाही. पण २१ फेब्रुवारीला तो राजीनामा द्यायला विधिमंडळाकडे चालला असताना एका सरदारपुत्राने रस्त्यात त्याला गोळ्या घातल्या. तासाभरात सभागृहात गृहमंत्री आऊअरवर गोळीबार झाला. जाणाऱ्या माणसाला मारून हुतात्मा केलं, आणि ज्या धाग्यावर शांतता टांगली होती तो तुटला.

त्या क्रांतिकारी सरकारच्या परराष्ट्रमंत्र्याने संडासाच्या किल्लीबद्दल तार केली होती, हे खरं का?

हो. आइसनरच्या खुनानंतर होफमान पंतप्रधान झाला; ७ एप्रिलला त्याला हटवून कामगार-सैनिकांच्या परिषदांच्या नावाने पहिलं परिषद-सरकार आलं, त्याचे परराष्ट्रमंत्री डॉ. लिप. पळालेला होफमान माझ्या मंत्रालयाच्या संडासाची किल्ली घेऊन गेला अशी तक्रार त्यांनी मॉस्कोला तारेने केली. साठ इंजिनं उसनी दिली नाहीत म्हणून त्यांनी स्वित्झर्लंडशी युद्ध पुकारलं, असंही सांगतात. हसून झालं की त्या साठ इंजिनांकडे पुन्हा बघा. वेड्या माणसालाही तुटवडा कशाचा आहे ते बरोबर कळलं होतं.

गेल्या अंकात तुमचा कल लाल सरकारकडे दिसला. एप्रिलमध्ये शहराची उपासमार त्यांनीच केली, मग दोष शेतकऱ्यांवर का? – एक नाराज वाचक

नाराजी मान्य. कल असेल तर तो रांगेतल्या बाईकडे आहे. १३ एप्रिलनंतर म्युनिकमध्ये कम्युनिस्टांचं राज्य आलं. त्यांनी पोलिसांची शस्त्रं काढून घेऊन कामगारांना वाटली, दहा दिवसांचा सार्वत्रिक संप पुकारला, घराघरांत शिरून साठे जप्त केले. उपाशी शहरात सार्वत्रिक संप! दूधवाल्याची गाडी बंद ठेवून दुधाची टंचाई कशी हटवणार होते, त्यांनाच ठाऊक. ३० एप्रिलला त्यांच्या माणसांनी एका शाळेत दहा ओलिसांना गोळ्या घातल्या. यातलं काहीही मी झाकत नाही.

पण कायदेशीर सरकारने काय केलं? होफमान बांबेर्गला बसला होता. त्याने म्युनिककडे येणारं अन्न अडवलं, शेतकऱ्यांनीही पुरवठा रोखला. महिनाभरापूर्वी ब्रुसेल्सला जर्मन प्रतिनिधी दोस्तांपुढे काकुळतीला आले होते, की नाकेबंदीने बायका-मुलं मरतात. तेच हत्यार एका जर्मन सरकारने आपल्याच राजधानीवर चालवलं. होफमान शाळामास्तर होता, मवाळ समाजवादी होता, दुष्ट नव्हता. म्हणूनच ते मला जास्त खुपतं.

अन्न अडवून काम भागेना तेव्हा त्याने बर्लिनकडे फौज मागितली, आणि स्वयंसेवक तुकड्या, फ्रायकोर, आत घेतल्या. आपल्या राज्यात ज्यांच्या भरतीला त्याने आधी मनाई केली होती, त्यांनाच. १ ते ३ मे या दिवसांत शहर पडलं. मेले ६०० हून अधिक, त्यांतले पुष्कळ लढाई संपल्यावर. ६ मे रोजी एका कॅथलिक कारागीर मंडळाची बैठक चालू होती. कुणीतरी चहाडी केली, की हे स्पार्टाकिस्ट, म्हणजे कम्युनिस्ट आहेत. सैनिकांनी २१ जणांना तळघरात नेऊन मारलं. जपमाळ ओढणारी माणसं होती ती.

शेतकऱ्यांना दोष देते असं वाटलं असेल, तर माझ्या लिहिण्यात चूक झाली. त्यांनी लेव्हीला कंटाळून धान्य दाबलं, पण पुढे त्यांनाच नागरी संरक्षण दलं म्हणून रायफली देण्यात आल्या, शहरांतल्या लालांना धाकात ठेवायला. त्या दलांच्या जोरावर मार्च १९२० मध्ये होफमानलाच जावं लागलं. आला गुस्टाफ फोन कार, आणि तो उजव्यांचाच माणूस.

जाता जाता, एका वाचकाने विचारलंय, कार्डावरची उरलेली कुपनं का कापली नाहीत? मी त्यांच्यावरच्या तारखा लावून पाहिल्या. न कापलेलं पहिलं कुपन एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याचं आहे. तिथून पुढे एकही कापलेलं नाही.