मारू की सोडू?

बेटा,

परवा नेहरू स्टेडियमवरून निघताना तू विचारलंस, "काका, मग मी मारू की सोडू?" तुझा तो चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. आदल्या बेसबॉल सामन्यात बॅट खांद्यावर ठेवून तिसरा स्ट्राइक पाहिलास, न मारताच आउट झालीस, सगळे ओरडले, आणि परवा येईल त्या चेंडूवर बॅट फिरवत सुटलीस.

दोन स्ट्राइक होईपर्यंत फक्त आपलाच चेंडू मारायचा. झोनमधला, म्हणजे सोडला तरी स्ट्राइक धरला जाणारा, प्रत्येक चेंडू आपला नसतो गं! तुझ्यापुढच्या 17 इंच रुंद प्लेटच्या बाहेरच्या कडेवरून, गुडघ्यालगत गेलेला चेंडू स्ट्राइक असेल, पण तो पिचरचा, चेंडू टाकणाऱ्याचा. गाठलास तरी शॉर्टस्टॉपकडे, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरकडे, घरंगळणार. अमेरिकेचा नामी बॅटर टेड विल्यम्स, त्यानं आपला झोन 77 चेंडूंत वाटला होता: मधोमध .400 नं (दहात चार वेळा हिट) मारीन, बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात .230 नं. 1941 मध्ये त्याची सरासरी .406 होती, वॉक (झोनबाहेरचे चार चेंडू सोडून फुकट मिळालेला पहिला बेस) 147 आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट) फक्त 27. मला त्यातले 147 प्यारे आहेत. सचिननं 2004 मध्ये सिडनीला कव्हर ड्राइव्ह बाजूला ठेवून नाबाद 241 केल्या, तेव्हा त्याला कोणी भित्रा म्हटलं?

मला म्हटलं. त्याआधी मी उलटी चूक केली होती. अंतिम सामना, तिन्ही बेस भरलेले, एक आउट, काउंट दोन बॉल (झोनबाहेर पडलेले), स्ट्राइक एकही नाही. घाबरलेला पिचर होता, मी नव्हे. पण लोक "मार, मार" ओरडत होते आणि मी बाहेरचा खालचा चेंडू मारला. डबल प्ले, एका फटक्यात दोघे आउट. पुढच्या मोसमात हट्टानं फक्त आपलाच चेंडू मारला, वॉकवर वॉक घेतले. "हा मारतच नाही" म्हणून संघातून काढलं. मी किती वेळा बेसवर पोचलो ते कोणी मोजलंच नाही. मी बरोबर होतो, आजही तेच म्हणेन.

पण तुझ्यावर माझा राग आहे, तो तिसऱ्या स्ट्राइकचा नाही. त्या डावातला पहिलाच चेंडू कमरेला, मधोमध आला होता. तुझाच होता तो! सोडलास कसा? थांबायचं ते मारायच्या तयारीनं. दोन स्ट्राइक झाले की बॅट जरा वरून धर, काठावरचे फाउल काढ, म्हणजे रेषेबाहेर मार, झुंज.

शनिवारी सकाळी सहाला ये. मी टोपलीभर चेंडू टाकीन. बॅट हातात धरायची, फिरवायची नाही, चेंडू हातातून सुटला की मोठ्यानं ओरडायचं, "माझा" किंवा "त्याचा."

तुझा काका